संगणक-मंडळाची सभा आणि तिचा पाहुणा

श्रोतेहो, सभा म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें एक ठराविक चित्र उभें राहतें. टेबलावर पसरलेली चादर, पाण्याचा तांब्या व पेला, मधल्या खुर्चीवर अध्यक्ष, त्यांच्या उजव्या हाताला व्याख्याते, आणि समोर खुर्च्यांच्या रांगा. व्याख्याते बोलतात, आपण ऐकतों, शेवटीं आभार मानले जातात आणि मंडळी चपला शोधूं लागतात. ही पद्धत आपल्या अंगवळणीं पडली आहे, आणि तिची लाज वाटण्याचें कांहींच कारण नाहीं. न्यायमूर्ति रानडे ह्यांच्या पुढाकारानें १८७५ सालीं पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ती आजहि चालू आहे. दीडशें वर्षें निष्ठेनें व्याख्यानें ऐकणें हा कांहीं सामान्य गुण नव्हे.

परंतु आज ज्या सभेविषयीं मला बोलावयाचें आहे, ती ह्या जातीची नव्हे. आपल्या आळींतील किंवा सोसायटींतील संगणक वापरणाऱ्या वीस-पंचवीस माणसांनीं महिन्यांतून एकदां जमावें, कधीं बाहेरच्या एखाद्या जाणत्या माणसास बोलवावें, आणि एकमेकांच्या अडचणी सोडवाव्या, अशी ही सभा. ती व्याख्यानासारखी भरविली म्हणजे फसते. मीं स्वतः अशी एक सभा फसविली आहे. तेव्हां हें माझें मत पुस्तकी नाहीं. ती हकीकत पुढें सांगेनच. त्याआधीं अशीं मंडळें निघालीं कशीं, हें थोडक्यांत पाहूं.

१९५५ सालीं अमेरिकेंत, लॉस एंजेलिसच्या परिसरांत, आय. बी. एम. कंपनीचें ७०४ हें प्रचंड यंत्र घेणाऱ्या संस्थांनीं ‘शेअर’ नांवाचें एक मंडळ काढलें. यंत्र इतकें महाग कीं मोठमोठ्या कारखान्यांनाच तें परवडे. परंतु त्यासाठीं लागणाऱ्या आज्ञावली प्रत्येकानें पुन्हा पुन्हा लिहीत बसणें हा निव्वळ वेळेचा अपव्यय होता. एकानें लिहिलेलें दुसऱ्यानें वापरावें, हा त्या मंडळाचा हेतु. आणि त्याच्या नांवाचा अर्थच मुळीं वांटून घेणें असा आहे.

पुढें वीस वर्षांनीं संगणक घरांत शिरूं पाहत होता. १९७५ च्या जानेवारींत ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ ह्या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर ‘ऑल्टेअर ८८००’ नांवाच्या एका पेटीचें चित्र आलें. किंमत सुमारें ४०० डॉलर. सुटे भाग घरीं आणून आपल्याच हातांनीं डाख देऊन जोडावयाचे. तिला ना अक्षरांच्या कळा, ना पडदा; पुढच्या अंगास खटक्यांची रांग आणि लुकलुकणारे दिवे, एवढेंच. तिची स्मरणशक्ति अवघ्या २५६ अक्षरांपुरती, म्हणजे चार-पांच ओळींच्या चिठ्ठीएवढी. अशी पेटी घेतली तरी तिचें करावयाचें काय, हें एकट्यादुकट्याला उमगणें कठीण होतें. तेव्हां फ्रेड मूर व गॉर्डन फ्रेंच ह्या दोघांनीं समानधर्मी लोकांना निमंत्रण दिलें, आणि ५ मार्च १९७५ रोजीं, बुधवारीं, कॅलिफोर्नियांतील मेन्लो पार्क येथें फ्रेंच ह्यांच्या मोटारखान्यांत बत्तीस माणसें जमलीं. ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ तो हाच.

त्या बत्तिसांत स्टीव्ह वॉझ्नियॅक नांवाचा एक तरुण होता. त्यानें पुढें लिहून ठेवलें आहे कीं, सभेंत नव्या सूक्ष्म-संगणकांची चर्चा होणार हें आधीं कळलें असतें तर आपण बहुधा गेलोंच नसतों. कारण आपला स्वभाव लाजाळू, आणि त्या विषयाचें आपलें ज्ञान तोकडें. त्या रात्रीं तो एका चिपच्या माहितीचा कागद बरोबर घेऊन घरीं गेला. त्या वाचनांतून त्याच्या मनांत ज्या यंत्राचा आराखडा तयार झाला, तें ‘ॲपल’चें पहिलें यंत्र. चारचौघांत उभें राहून बोलणें त्याला जमत नसे. कांहींतरी बनवून तें सभेंत मांडणें हीच त्याची बोलण्याची रीत होती. श्रोतेहो, हा लाजाळू तरुण लक्षांत ठेवा.

ह्या मंडळाच्या सभा पुढें स्टॅनफर्डच्या एका संशोधन-केंद्राच्या सभागृहांत भरूं लागल्या आणि ली फेल्सनस्टाइन हे त्या चालवूं लागले. त्यांच्या सभेचे दोन भाग असत. पहिल्या भागांत ज्याला जें सांगावयाचें वा विचारावयाचें असेल त्यानें उठून तें थोडक्यांत सांगावें: माझ्यापाशीं हा सुटा भाग आहे, मला अमुक माहिती हवी आहे, तमुक यंत्र कोणापाशीं आहे काय? दुसऱ्या भागांत सर्वांनीं खुशाल इकडेतिकडे फिरावें आणि ज्याच्याशीं काम आहे त्याला गांठावें. पहिल्या भागांत माणसें कळत, दुसऱ्यांत कामें होत. सगळी युक्ति एवढीच.

नभोवाणीवरून बोलणाऱ्यानें त्या मंडळाची आणखी एक गोष्ट न सांगणें कृतघ्नपणाचें होईल. १९७५ च्या एप्रिलमध्यें स्टीव्ह डॉम्पियर नांवाच्या सभासदानें एका शाळेंत भरलेल्या सभेस आपला ऑल्टेअर आणला आणि त्याच्याजवळ एक लहानसा रेडिओ ठेवला. संगणकाच्या आंत वीज भराभर चालू-बंद होत असतां त्यांतून क्षीण रेडिओ-लहरी बाहेर पडतात, आणि जवळच्या रेडिओंत खरखर ऐकूं येते. कोणत्या आज्ञेनें कोणता सूर उमटतो, हें डॉम्पियरनें शोधून काढलें होतें. त्यानें एकेक खटका दाबून सगळी आज्ञावली यंत्रांत भरली. तोंच खेळणाऱ्या मुलांचा पाय विजेच्या लांब तारेंत अडकला, तार निसटली आणि यंत्र सारें विसरलें. बिचाऱ्यानें पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. अखेर त्या रेडिओंतून बीटल्सच्या एका गीताची चाल ऐकूं आली आणि सभेनें टाळ्यांचा कडकडाट केला. त्या दिवशीं दोन गोष्टी सिद्ध झाल्या: यंत्र गाऊं शकतें, आणि सभेंतील विजेची तार कोणाच्या पायांत येऊं देऊं नये.

हें झालें परक्या देशाचें. आपल्याकडेहि कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया १९६५ सालीं निघाली. १९९१ मध्यें जन्मलेली ‘लिनक्स’ ही प्रणाली वापरणाऱ्या हौशी लोकांचीं मंडळें पुण्या-मुंबईस निघालीं. आमचें मंडळ मात्र फार लहान. पुण्यांतील एका वाचनालयाच्या माडीवर आम्ही जमतों. सभासदांत निवृत्त कारकून आहेत, गृहिणी आहेत, एक वैद्य आहेत, दोन कॉलेजचे विद्यार्थी आहेत. पहिली मोठी सभा भरविण्याचें काम माझ्याकडे आलें, आणि मीं तें अगदीं थाटांत केलें.

एका मोठ्या कंपनींतील नामांकित गृहस्थांना पाचारण केलें. विषय कृत्रिम बुद्धिमत्ता. खोली भरून गेली. पाहुण्यांचा परिचय मीं करून दिला, त्याला पंधरा मिनिटें लागलीं. चित्रें दाखविण्याच्या यंत्राची तार त्यांच्या संगणकाला बसेना, त्यांत वीस मिनिटें गेलीं. मग ते सव्वा तास बोलले. बोलले मात्र सुंदर. प्रश्नांसाठीं दहा मिनिटें उरलीं, आणि पहिल्या रांगेंतील दोघा गृहस्थांनीं प्रश्नाच्या मिषानें आपापलीं स्वतंत्र व्याख्यानें दिलीं. नंतर आभार, पुष्पगुच्छ, छायाचित्र. सर्वांनीं माझी पाठ थोपटली, आणि मीहि ती थोपटून घेतली.

आठवड्यानें मंडईंत आमच्या एक सभासद बाई भेटल्या. निवृत्त शिक्षिका. म्हणाल्या, “सभा छान झाली हो तुमची. माझं काम तेवढं राहिलं.” मीं विचारलें, “कसलें काम?” त्यांनीं सांगितलें तें असें. त्यांच्या आईला जात्यावरच्या पुष्कळ ओंव्या येत. बाईंनीं त्या ऐकून वहींत उतरून घेतल्या आणि वीसेक वर्षांपूर्वीं एका टंकलेखनाच्या दुकानांत संगणकावर टाइप करून घेतल्या. आई गेल्या. घर बदलतांना वही वाळवीनें खाल्लेली आढळली. उरली ती संगणकावरची नक्कल. आणि ती नव्या संगणकावर उघडली तर देवनागरीच्या जागीं रोमन अक्षरांची निरर्थक खिचडी दिसे. फाइल बिघडली, ती आतां पुसून टाकावी, असें भाच्यानें सांगितलें होतें. ती पर्समध्यें घेऊन बाई आमच्या सभेला आल्या होत्या आणि शेवटपर्यंत दाराशीं बसल्या होत्या.

“मग विचारलें कां नाहीं?” मीं म्हटलें.

“एवढ्या मोठ्या माणसापुढं असलं क्षुल्लक काय विचारायचं?” त्या म्हणाल्या.

दोष पाहुण्यांचा नव्हता. आम्हीं जसें बोलावलें तसे ते आले आणि बोलले. दोष बाईंचाहि नव्हता. सभा मांडणाऱ्यानें ती अशी मांडली होती कीं, त्या खोलींत सर्वांत महत्त्वाचा जो प्रश्न, त्याला तोंड फुटण्यास जागाच नव्हती. मंडळाच्या सभेची खरी कसोटी पाहुणा किती चांगलें बोलला ही नव्हे. शेवटच्या रांगेंतील संकोची माणसाला आपला प्रश्न विचारतां आला कीं नाहीं, ही होय. हें एकदां मनाशीं ठरलें म्हणजे बाकीची व्यवस्था आपोआप सुचत जाते. आम्हांला सुचली ती सांगतों.

पहिली गोष्ट विषयाची. पाहुणा ठरवून विषय शोधूं नये. विषय ठरवून पाहुणा शोधावा. वाचनालयांत आम्हीं एक वही ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्यानें आपली अडचण तींत लिहावी, नांव घालण्याची सक्ति नाहीं. महिनाअखेरीस वही वाचली म्हणजे लोकांना काय हवें आहे तें उघड दिसतें. आमच्या वहींत कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीं एकच प्रश्न निघाला. मराठी टाइप करण्याविषयीं नऊ निघाले.

दुसरी गोष्ट पाहुण्याची. नांवाजलेला मनुष्य हवाच असें नाहीं. तें काम रोज हातानें करणारा मनुष्य हवा. त्याला लिहावयाच्या पत्रांत सर्व गोष्टी स्पष्ट असाव्या: श्रोते कोण आहेत, किती आहेत, त्यांना काय येतें आणि काय येत नाहीं, बोलण्यास चाळीस मिनिटें मिळतील, अधिक नाहीं, मानधन देतां येईल किंवा येणार नाहीं, नेण्या-आणण्याची सोय काय. वहींतील निवडक प्रश्न पत्रासोबत पाठवावे. आपल्याला कोणाशीं बोलावयाचें आहे हें कळलें म्हणजे चांगला वक्ता निम्मी तयारी तेथेंच करतो. आदल्या दिवशीं फोन करून आठवण द्यावी, आणि त्यांच्या संगणकाला कोणती तार लागते तें विचारावें. हा प्रश्न क्षुद्र वाटतो. पण आमचीं वीस मिनिटें ह्याच प्रश्नानें खाल्लीं होतीं.

तिसरी गोष्ट जागेची. दिवस ठराविक असावा, म्हणजे निमंत्रण विसरलें तरी लोक येतात. एक तास आधीं जाऊन दिवे, पंखे, पडदा, आवाज हें सर्व तपासावें. विजेच्या तारा भिंतीकडेनें नेऊन चिकटपट्टीनें बसवाव्या. डॉम्पियरची आठवण ठेवावी. इंटरनेट ऐनवेळीं बंद पडेल असें गृहीत धरून दाखवावयाचें सर्व साहित्य संगणकांतच भरून ठेवावें. आणि खुर्च्या रांगांनीं न मांडता अर्धवर्तुळांत मांडाव्या. रांग आली कीं पहिली रांग आली, आणि पहिली रांग आली कीं शेवटची आलीच.

चौथी गोष्ट वेळेची. आम्ही आतां दोन तास असे वांटतों: पहिलीं वीस मिनिटें सर्वांनीं एकेका वाक्यांत आपलें नांव व अडचण सांगावयाची, मग चाळीस मिनिटें पाहुण्याचीं, मग चहा, आणि राहिलेला वेळ टेबलांशीं बसून प्रत्यक्ष कामाचा. परिचय तीन मिनिटांत संपवावयाचा. ज्यांना उभें राहून बोलणें जड जातें त्यांच्यासाठीं चिठ्ठ्या व डबा ठेवतों. चिठ्ठीवर नांव नसतें. सभा चालविणाऱ्यानें डब्यांतील सर्वांत साधा प्रश्न आधीं वाचावा. पहिलाच प्रश्न साधा निघाला म्हणजे दहाजणांचा संकोच एकदम सुटतो. आणि प्रश्नाच्या नांवाखालीं कोणी भाषण करूं लागल्यास त्याला हंसतमुखानें पण निश्चयानें थांबवावें. तेथें भीड घालून घेणारा मनुष्य ह्या कामाचा नव्हे.

पांचवी गोष्ट मदतीच्या शिस्तीची. मदत करणाऱ्यानें आपले हात पाठीमागें ठेवावे. कळ दाबावयाची ती ज्याचा संगणक त्यानेंच. परवलीचा शब्द कोणी कोणाला सांगूं नये, मदत करणाऱ्यालाहि नाहीं. आणि कोणत्याहि फाइलीस हात लावण्यापूर्वीं तिची एक नक्कल करून बाजूला ठेवावी. दुरुस्तीच्या भरांत मूळच जाणें, ही फार वाईट गोष्ट.

ह्याप्रमाणें आम्हीं दुसरी सभा भरविली. ह्या वेळचा पाहुणा एका मुद्रणालयांत अक्षरजुळणी करणारा तरुण होता. जुनीं पुस्तकें नव्यानें छापण्यासाठीं जुन्या फाइली वाचणें हें त्याचें रोजचें काम. डब्यांतून निघालेली तिसरी चिठ्ठी मीं वाचली: “जुनी मराठी फाइल बिघडली आहे. इंग्रजी अक्षरें दिसतात. कांहीं उपाय आहे काय?” चिठ्ठीवर नांव नव्हतें. अक्षर मात्र शाळेच्या फळ्यावर वळण घेतलेलें होतें.

त्या तरुणानें जें समजावून सांगितलें तें आपणांपैकीं अनेकांच्या उपयोगी पडेल. संगणक अक्षर ठेवत नाहीं, अंक ठेवतो. कोणत्या अंकास कोणतें अक्षर दाखवावयाचें हें ठरलेलें असतें. देवनागरीसाठीं सर्वमान्य अंक रूढ नव्हते त्या काळीं टंक बनविणाऱ्यांनीं एक तोड काढली. रोमन अक्षरांच्या अंकांवरच त्यांनीं देवनागरीच्या आकृति बसविल्या, आणि ह्या आकृतींची वांटणी प्रत्येकानें आपल्या मर्जीप्रमाणें केली. तो टंक संगणकांत असला तर मराठी दिसते. नसला तर संगणक बापडा त्या अंकांचीं रोमन अक्षरें दाखवितो. ‘युनिकोड’ ही सर्व लिपींची जागतिक व्यवस्था १९९१ पासून प्रसिद्ध होऊं लागली. तींत देवनागरीस १२८ स्वतंत्र जागांचा एक गट दिलेला आहे. आज आपण फोनवर जें मराठी लिहितों तें ह्याच व्यवस्थेंत, म्हणून तें दुसऱ्याच्या फोनवरहि मराठीच दिसतें.

“तेव्हां,” तो म्हणाला, “ही फाइल बिघडलेली नाहीं. कुलूप शाबूत आहे, किल्ली तेवढी हरवली आहे.”

चहा झाल्यावर बाई त्याच्या टेबलाशीं गेल्या. त्यानें आधीं फाइलीची नक्कल करविली, मग फाइलींत नोंदलेलें टंकाचें नांव पाहिलें, तो टंक आपल्या संग्रहांतून काढला आणि बाईंनाच बसवावयास लावला. दुसऱ्या क्षणीं पडद्यावर मराठी अक्षरें आलीं. बाईंनीं पहिली ओंवी हलक्या आवाजांत वाचली. चष्मा काढून पुसला आणि दुसरी वाचली. आजूबाजूचीं टेबलें केव्हां गप्प झालीं तें आम्हांला कळलेंच नाहीं.

पुढें रूपांतर करणाऱ्या आज्ञावलीनें तो मजकूर युनिकोडमध्यें आणला. त्यांत ऱ्हस्व वेलांट्या आणि रफार पुष्कळ ठिकाणीं सरकले होते. तें शुद्धीकरण बाईंनीं स्वतः घरीं बसून केलें. त्यांतील जोडाक्षरें दुरुस्त करतां करतां त्या इतक्या तयार झाल्या कीं, आतां आमच्या सभेंत मराठी टाइप करण्याचें टेबल त्याच सांभाळतात.

कोणी विचारील कीं, हीं उत्तरें फोनवर क्षणांत मिळत असतां सभा कशाला? शंका रास्त आहे. परंतु फोन उत्तर देतो तें आपण विचारलेल्या प्रश्नाचें. बाईंचा प्रश्नच चुकलेला होता. “बिघडलेली फाइल कशी पुसावी” असें विचारलें असतें, तर त्याचेंहि उत्तर त्यांना बिनचूक मिळालें असतें. आपला प्रश्न मुळांत कोणता, हें समजण्यास समोर बसलेला एक सहनशील मनुष्य लागतो. असा मनुष्य भेटावा म्हणून सभा भरवावयाची, आणि पाहुणा बोलवावयाचा तोहि त्याचसाठीं.

सभा संपली म्हणजे दोन कामें उरतात. कोणत्या अडचणीवर कोणता उपाय निघाला, ह्याचें एक पानभर टिपण मराठींत करून फलकावर लावावें. न आलेल्यांनाहि त्याचा उपयोग होतो. आणि पाहुण्यास आभाराचें पत्र लिहावें. त्यांत केवळ ‘मौलिक मार्गदर्शन’ असे शब्द न घालतां, आपल्यामुळें अमक्याचें अमुक काम झालें, असें लिहावें. पुष्पगुच्छ दोन दिवसांत सुकतो. असें पत्र मनुष्य जपून ठेवतो.

श्रोतेहो, मीं इतका वेळ एकट्यानें बोलून घेतलें, आणि तुम्हांला मला मध्येंच अडवून कांहीं विचारतां आलें नाहीं. नभोवाणीचा हा जन्मजात दोष आहे; त्याला माझा इलाज नाहीं. तुमच्या आळींतील सभेंत मात्र हा दोष राहूं देऊं नका. तेथें दाराजवळच्या खुर्चीवर कोण बसलें आहे, तिकडे आधीं पाहा.